फुईबरोबर पाहिलेले भयपट

६ जानेवारी २०२५, सोमवार

एकशे बारा! सुलक्षणा मॅडमनी आज यादी पाठवली. एकशे बारा भयपट, सगळे मराठीत डब केलेले. त्यातले चाळीस निवडायचे. २९ तारखेला मौनी अमावस्या, त्या दिवशी आमच्या पिक्चरच्या ॲपवर 'अमावस्या' नावाची पिक्चरांची रांग लागणार. प्रत्येक पिक्चरला दोन ओळींची मराठी ओळख लिहायची, शिवाय खुणा करायच्या — भूत, हडळ, बाहुली, शाप, रक्त किती, पोरांनी पाहावा का.

मी म्हटलं, मॅडम, मला भीती वाटते हो. दोन वर्षं मी कौटुंबिक आणि विनोदी लिहिते, तेच द्या ना! त्या पुण्याहून फोनवर हसल्या. "म्हणूनच तुला देतेय, ललिता. जिला भीतीच वाटत नाही तिला काय कळणार कुठला चांगला?"

हे नीट झालं तर कायम करतील. तसं सरळ नाही म्हणाल्या, पण म्हणाल्या.

नियम ठरवला — भरदुपारीच पाहायचे. खिडकी सताड उघडी. आणि खाली शहनाज खालांचं शिलाई मशीन चालू असेल तेव्हाच.

७ जानेवारी

आज तीन झाले. तिन्हींत नवं जोडपं आणि जुना बंगला. एकानेही आधी शेजाऱ्यांकडे चौकशी केली नाही! मेहरूणमधली ही वरची खोली घ्यायची तर घरमालकीण म्हणून खालांनी माझ्या सात पिढ्यांची चौकशी केली आणि मी त्यांची. इथे भूत राहूच शकणार नाही. त्याला आधी खालच्या दुकानातल्या चांदभाईंशी तासभर बोलावं लागेल.

९ जानेवारी, गुरुवार

आबांचा, म्हणजे वडिलांचा, फोन. "फुईना डोयानं आपरेशन करनं शे. धुयाले तिले देखणारं कोनी नही. तुन्याकडे धाडस."

पाठवा म्हणून मी लगेच हो म्हटलं. इतकं लगेच की आबांनी पुन्हा विचारलं. मग फोन ठेवून खाटेवर बसून राहिले. एकही पिक्चर पाहिला नाही.

फुई म्हणजे आबांची थोरली बहीण, दगडीबाई. सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव, तिथेच तिचं सासर. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. झाडपाला ओळखायची. कुणाचं पोट दुखलं, कुणाला विंचू चावला की लोक तिच्याकडे यायचे. मी चौदा वर्षांची असताना तिचा दीर मंगा — त्याचं दोन वर्षांचं लेकरू तापाने गेलं. आदल्या दिवशी फुईने त्याला मांडीवर घेतलं होतं. भगताने तांदूळ टाकले आणि फुईचं नाव घेतलं.

डाकीण.

लिहिला शब्द. इथे कोण वाचतंय!

दोन दिवस तिला घरात कोंडलं. मग आबांनी भांडून-रडून सोडवलं आणि धुळ्याला नेलं. तिथे एका मुलींच्या वसतिगृहात ती भाकरी करते. बारा वर्षं झाली. लग्नकार्यात भेट होते. मी पाया पडते आणि दुसरीकडे जाते.

का जाते ते आज नाही लिहिणार.

११ जानेवारी, शनिवार

एसटीतून एकटीच उतरली. एक पिशवी, तिच्यात दोन लुगडी आणि कळण्याच्या पिठाची पुडी. "तुले आवडे ना कळण्यानी भाकर?" मला आवडते हे मीच विसरले होते.

डोळ्यांवर साय आल्यासारखं झालंय. पायऱ्या चाचपत चढली. मी हात धरला. तिचा तळवा तव्याच्या कडेसारखा टणक.

कानात इअरफोन घालून काम केलं. स्क्रीन भिंतीकडे. तिने विचारलं, कसानं काम शे? म्हटलं, ऑफिसचं.

१३ जानेवारी, सोमवार

ऑपरेशन झालं! अर्ध्या तासात. उजवा डोळा. डॉक्टर म्हणाले, उद्या पट्टी काढू, आजी पंधरा दिवसांत सुईत दोरा ओवतील. मला फुईपेक्षा जास्त घाम आला होता. बाहेरच्या बाकावर शहनाज खाला डबा घेऊन आल्या, मी सांगितलंही नव्हतं. वांग्याचं भरीत आणि पुऱ्या. आम्ही दोघींनी तिथेच खाल्लं.

१४ जानेवारी, संक्रांत

पट्टी निघाली. फुईने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, खूप वेळ. "तू त भाऊसारखी दिसस." मग भिंतीकडे पाहून — "जायं काढ तठलं." कोपऱ्यात जाळं होतं! मला बारा महिने दिसलं नव्हतं.

तीळगूळ दिला. गोड बोल म्हणायची पाळी आली तेव्हा मी चहा ठेवायला उठले.

१६ जानेवारी, गुरुवार

पकडले गेले. एका पिक्चरमध्ये कपाटातून बाई बाहेर आली आणि मी खुर्चीतून उडाले. इअरफोनची पिन निघाली. किंकाळी सगळ्या घरात! खालचं मशीन थांबलं. फुई स्वयंपाकघरातून काळा चष्मा लावून धावत आली. हातात लाटणं.

"काय व्हयनं?"

सांगावंच लागलं. म्हटलं, भुताचे पिक्चर पाहायचे, त्यातले चांगले निवडायचे, हेच माझं काम.

फुई स्क्रीनकडे बघत राहिली. बाईचे केस पुढे, पाय उलटे, भिंतीवर चढत होती. इतक्या वर्षांनी डोळ्याला साफ दिसलं आणि दिसली ती हडळ! मी बंद करायला गेले.

"ऱ्हाऊ दे," म्हणाली. "पाय उलटा शेतस, मंग चालस कशी? पडत नही?"

मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

१७ जानेवारी

आज दोन, दोघींनी. डॉक्टरांना फोन करून विचारलं — पाहू द्या थोडं, म्हणाले, थेंब मात्र वेळेवर.

फुई जेवण झालं की खाट ओढून बसते. मेहरूणची बोरं समोर. भुताची चाहूल लागली की मी उशीत तोंड घालते आणि आली का ते ती मला सांगते — "अजून नही वं... अजून नही... उनी!"

बंगल्याबद्दल म्हणाली, "इतला मोठा घरमां एक चूल पेटाडेल नही. भूत नही ई त कोन ई?"

भूत नाही येणार तर कोण येणार! ही ओळ मी जशीच्या तशी ओळखीत घातली. पाहू मॅडम काय म्हणतात.

१८ जानेवारी, शनिवार

मॅडमचा मेसेज — "चुलीची ओळ कुणाची?? अशाच हव्यात!!"

फुईला सांगितलं. तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. पण संध्याकाळी खालांना सांगत होती — "आम्ही दोन्ही मिळीसन काम करतस."

बत्तीस झाले.

२० जानेवारी, सोमवार

मॅडमनी सकाळी कळवलं, सगळ्यात वर मोठ्या चित्रासकट जो पिक्चर लागणार तो ठरला आहे, निवड वरूनच आली आहे. ओळख मीच लिहायची, ताबडतोब.

फुई आंघोळीला गेली तेव्हा सुरुवात पाहिली.

डोंगराखालचं गाव. एकटी म्हातारी, झाडपाल्याची. शेजारणीचं लेकरू तिच्या मांडीवर. लेकराला ताप. लेकरू जातं. गाव जमा होतं.

लॅपटॉप झाकला. बाहेर येऊन फुईने विचारलं, "आज कोनता?" म्हटलं, आज सुट्टी, इंटरनेट बंद आहे.

नंतर तिला थेंब घातले. एक थेंब गालावर गेला. माझंच लक्ष नव्हतं.

२१ जानेवारी, मंगळवार

सगळं नीट लिहायचं आहे. आधी चहा करते.

लिहिते आता.

दुपारी फुईला झोप लागली असं वाटलं. इअरफोन घालून उरलेला पाहायला लागले. गाव म्हातारीला खोलीत कोंडतं. बाहेर माणसं, काठ्या, बायासुद्धा. मी डोळे झाकून घेतले. उघडले तर फुई मागे उभी. किती वेळ, कोण जाणे.

"दखाड माले," म्हणाली. "आवाज लाव."

मी म्हटलं, फुई, नको. ती खाटेवर बसली आणि जागा करून दिली, बस म्हणून.

शेवटपर्यंत पाहिला. शेवटी म्हातारी खरंच तशी निघते. डोळे पांढरे होतात, आरशात दिसत नाही, मेलेल्या लेकराचं नाव घेत हसते. गाव तिला जाळतं आणि सकाळ होते. पक्षी ओरडतात. म्हणजे झालं, सगळं चांगलं झालं! मग एक भारदस्त पुरुषी आवाज — ही कथा सत्य घटनेवर आधारित आहे.

फुई बोराच्या बिया गोळा करत बसली. मग म्हणाली, "तो मानूस बोलना ना — खरी घडेल गोट शे?"

"खोटं बोलतो तो."

"तुले काय मालूम?"

मला रडू फुटलं. आणि मग तेच बाहेर पडलं जे बारा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, या वहीलाही नाही.

आबा तिला धुळ्याला नेणार होते त्या सकाळी मी आश्रमशाळेतून सुट्टीवर आले होते. जीप उभी होती. फुईच्या कपाळाला जखम होती, त्यावर हळद. तिने जाता जाता माझ्या डोक्यावर हात ठेवायला हात पुढे केला, आणि मी मागे सरकले. आईच्या मागे लपले. हात तसाच राहिला. मग तिने तो पदराला पुसला, जसं काही पुसायलाच काढला होता.

मी शाळेत विज्ञानात पहिली होते. ताप कशाने येतो ते मला पाठ होतं. तरी सरकले. मला खरंच वाटलं होतं, फुई. मी खरंच मानलं होतं.

हे सगळं मी हुंदक्यांत बोलले. तिला कितपत समजलं माहीत नाही. ती मला थोपटत होती, खाली मशीन चालू होतं.

"माले याद शे," ती म्हणाली.

याद शे! मला वाटायचं तिच्या लक्षातही आलं नसेल.

"मोठमोठला मानसं मागे सरकनात. तू त पोर व्हती." मग बिया बाजूला सारत — "मंगानं लेकरू गयं व्हतं. त्याले कोनीतरी पाहिजे व्हतं."

आणि तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. टणक, जड. मी सरकले नाही. सव्वीस वर्षांची बाई, शेंबूड पुसत बसले.

"रडू नको, डोयामां थेंब मन्हा घालाना शेतस, तुना नही." मग दोघी हसलो.

किती हलकं वाटतंय, लिहिता येत नाही. पाठीवरचा पाण्याचा हंडा कुणी उतरवून घ्यावा तसं.

२२ जानेवारी

झोपले ती सकाळी आठलाच उठले. फुईने कळण्याची भाकरी आणि ठेचा करून ठेवला होता. सहा पिक्चर राहिलेत. त्या पिक्चरची ओळखही.

२३ जानेवारी, गुरुवार

मॅडमना मेल लिहिली. चार वेळा खोडली. शेवटी साधंच —

हा पिक्चर सगळ्यात वर नको. 'सत्य घटनेवर आधारित' ही ओळ तर कुठेच नको. ही घटना खरी असेल तर ती बाई डाकीण नव्हती, एवढंच त्यात खरं असणार. हा पिक्चर माझ्या गावातही फोनवर पाहतील. माझ्या घरात हे घडलं आहे. ज्यांच्यावर हे ओढवलं त्या बाई आत्ता स्वयंपाकघरात आहेत.

शेवटचं वाक्य काढलं, घातलं, काढलं. घातलं. पाठवली.

निवड वरून आली आहे, मी कोण? कायम तर सोडा, आहे तेही गेलं समज. शहनाज खालांना सांगितलं तर म्हणाल्या, "गया तो गया, मशीन पे बैठ जा मेरे साथ." मला सरळ शिवण येत नाही!

उत्तर नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

दुपारपर्यंत उत्तर नाही. फुईला दोनदा रागावले, उगाच. ती म्हणाली, "भूक लागनी तुले," आणि खाऊ घातलं. खरंच भूक लागली होती.

साडेचारला फोन. मॅडम. मी उभी राहिले, का कोण जाणे.

"ललिता, मेल वाचली. काल तीनदा वाचली." मला वाटलं संपलं. "मला एक सांग, त्या कशा आहेत? तुझ्या आत्या?"

फुई समोरच होती, लसूण सोलत. म्हटलं, बऱ्या आहेत. लसूण सोलतायत.

मॅडम म्हणाल्या, आज वरच्या लोकांशी बैठक झाली. पिक्चर काढता येणार नाही, करार आहे. पण सगळ्यात वरच्या जागेवरून हटवला. ती ओळ ओळखीतून आणि जाहिरातीतून जाणार. शेवटचा आवाज पिक्चरमध्येच आहे, त्याला हात लावता येत नाही, म्हणून सुरुवातीला पाटी टाकणार — डाकीण असं काही नसतं, आणि कुणाला तसं म्हणणं हा गुन्हा आहे. "पाटीची भाषा तू लिही. ओळखही तूच लिही. तुला वाटेल ती. मी खोडणार नाही."

मी थँक्यूसुद्धा म्हटलं नाही नीट. बरं बरं बरं असं काहीतरी म्हटलं.

फोन ठेवला तशी फुईच्या गळ्यात पडले. लसणाचे हात वर धरून ती ओरडली, "अवं, डोया! डोया सांभाय!"

सुटले! सुटले!

२५ जानेवारी

ओळख लिहिली —

'डोंगराखालच्या गावात एक लेकरू तापाने दगावतं. गाव डॉक्टर शोधत नाही, बाई शोधतं.'

मॅडमनी खरंच खोडली नाही. फुईला वाचून दाखवली. "बरोबर शे," म्हणाली. मग, "इतलंच?" म्हटलं, दोनच ओळी मिळतात. "बस व्हई जातीन," म्हणाली.

२७ जानेवारी, सोमवार

चाळीस! संपले!! शेवटचा बाहुलीचा होता. फुईला बाहुली बिलकूल भीतिदायक वाटली नाही, "न्हाऊ घाल तिले" म्हणाली.

डोळा तपासायला नेलं. डॉक्टर खूश. फुईने तक्त्यावरची सगळ्यात खालची चित्रंसुद्धा ओळखली. रिक्षात सारखी बाहेर बघत होती — दुकानांच्या पाट्या, केळीची गाडी, पोरं. "बठ्ठं रंगेल शे," म्हणाली. सगळंच रंगवलेलं!

२९ जानेवारी, अमावस्या

रांग लागली. सकाळी दहाला मी, फुई, खाला आणि दुकान सोडून आलेले चांदभाई असे चौघे एका लॅपटॉपसमोर. सगळ्यात वर आता बंगल्यावाला पिक्चर आहे आणि त्याखाली ठळक अक्षरांत चुलीची ओळ. चांदभाईंनी मोठ्याने वाचली. "ये किसने लिखा?" मी फुईकडे बोट दाखवलं. फुईने पदर तोंडाला लावला.

तो पिक्चर एकोणिसावा आहे. उघडला. आधी पाटी आली, माझी. मग बंद केला. पुढचं आम्हाला माहीत होतं.

३० जानेवारी

मॅडम — एक तारखेपासून कायम. एवढीच मेल. मी ती फुईला अहिराणीत वाचून दाखवली, उत्तरही अहिराणीत द्यावंसं वाटलं!

फुई रविवारी जाणार. वसतिगृहाच्या मुली फोन करतात रोज, भाकरी जळकी मिळते म्हणून. मला वाटतंय जाऊ नये. डावा डोळा उन्हाळ्यात, तोही इथेच करायचा असं कबूल करून घेतलं.

२ फेब्रुवारी, रविवार

खालांची लेक अर्शी काल धुळ्याहून बाळंतपणानंतर पहिल्यांदा माहेरी आली. आज सकाळच्या गाडीआधी फुईला निरोप द्यायला बाळ घेऊनच वर आली आणि काही न विचारता तिच्या मांडीवर ठेवलं. फुईचे हात हवेत. ती बाळाला धरेचना. अर्शी हसून पाणी प्यायला आत गेली.

मग फुईने हळूच एक हात खाली आणला. बाळाच्या पोटावर ठेवला. माझ्याकडे न बघता बोलली.

"बारा वरीस व्हयनात. एक बी लेकरू मांडीवर लिधं नही. मनमां ये — मी शेच तं?"

मी खरंच डाकीण असलेच तर! फुईलाच वाटत होतं. इतकी वर्षं, रोज, एकटीला.

"तुना बठ्ठा पिच्चर देखात मी. त्या बायास्ले जे जे येस, माले त्यातलं काहीच येत नही."

अर्शी बाहेर आली. म्हणाली, द्या फुई, मांडी अवघडली असेल.

"ऱ्हाऊ दे," फुई म्हणाली. "दुपारनी गाडीमां जासू."